गुरुवारी दुपारी तीन ते पाच

8 डिसेंबर 2024 ला सकाळी आमच्या गावच्या किनाऱ्यावर, रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी ठेवतात त्या शेडमध्ये, आम्ही मांजरपाटाचे 27 तुकडे दोरीला टांगले. घरात सोसलेलं जे बोलता येत नाही, ते त्यांवर शिवलेलं होतं. त्या सकाळपर्यंत पोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. कुठे कुठे अडलं आणि काय चुकलं ते 2025 च्या जानेवारीत लिहिते आहे, कारण सुरुवातीला मला हे सांगणारं कोणी भेटलं नाही.

दक्षिण कोकणातलं किनाऱ्यावरचं गाव, एवढंच समजा. माणसांचे तपशील बदलले आहेत. जिच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिलंय, तिला हे आधी वाचून दाखवलं. तिने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. 2023 च्या नोव्हेंबरात एका रात्री शेजारची सून मुलाला कडेवर घेऊन आमच्या मागच्या दाराशी आली. मी 112 ला फोन केला. पोलीस आले, नवऱ्याला समज देऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे आईवडील आले आणि 'संसारात होतंच' म्हणून तिला त्याच घरात परत सोडून गेले. मी पडवीत उभी राहून बघत होते. पुढे कित्येक दिवस तिच्या अंगणाकडे बघायचं मी टाळलं.

जानेवारीत जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. माझ्यासारखीने काय करावं, हे विचारायचं होतं. दोन ठिकाणी 'तुम्ही कोणत्या संस्थेच्या?' हा पहिला प्रश्न आला. तिसऱ्या ठिकाणी एक समुपदेशक ताई भेटल्या आणि त्यांनी चांगला तासभर दिला. म्हणाल्या, "अर्ज, पोलीस, वकील ते आम्ही बघतो. पण दोन तारखांच्या मधे बाई त्याच घरात असते. तेव्हा तिच्याजवळ कोणी नसतं. तिथे काही करता आलं तर बघा."

त्यांनीच मला तीन गोष्टी बजावल्या. कुणालाही 'तुझ्या घरी काय होतं' हे विचारायचं नाही. मिटवायला जायचं नाही. फोटो काढायचा नाही. पहिल्या दोन मी पाळल्या.

त्या भेटीत कळलेलं थोडं आधीच सांगते. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक छळ, शिवीगाळ-अपमान आणि पैशांची कोंडी हेही येतं. बायकोचा पगार काढून घेणं हीसुद्धा हिंसाच धरली आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. अर्ज करायला मदत करणाऱ्या सरकारी माणसाला संरक्षण अधिकारी म्हणतात आणि त्यांच्या मदतीला पैसे पडत नाहीत. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी विधी सेवेचा क्रमांक 15100. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये एका छताखाली दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन यांची सोय होते आणि पाच दिवसांपर्यंत राहताही येतं. 181 ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. फोन मात्र शक्यतो दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून करावा. केलेल्या कॉलची यादी नवरे बघतात.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. आमची 25 जानेवारीला झाली. मी अर्जावर 'हिंसाग्रस्त महिलांसाठी कलावर्ग' असं लिहून नेलं होतं. सरपंच ताईंनी तो वाचला आणि मला बाजूला घेतलं. "बाई, या नावाच्या वर्गाला कोण येईल? जी पहिल्यांदा पायरी चढेल तिच्या घरी संध्याकाळपर्यंत बातमी." त्यांनीच पेन घेऊन ते खोडलं आणि 'महिलांसाठी शिवण व कला वर्ग' केलं. तुम्हाला असं काही सुरू करायचं असेल तर नाव साधं ठेवा, आणि वर्ग सगळ्या बायकांना खुला ठेवा. ज्यांच्या घरी काहीच त्रास नाही, त्यांच्यामुळेच बाकीच्यांना आडोसा मिळतो.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. त्यातून 5,000 रुपये द्यायचा ठराव झाला. पैसे हातात येण्याआधी 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं थांबलं. जूनमध्ये ती उठल्यावर पुन्हा मासिक सभा, तीन दरपत्रकं, जीएसटीची बिलं. रक्कम बचत गटाच्या खात्यावर आली ती 29 ऑगस्टला. मधे एक पेच पडला. खर्च दाखवायला नावं-सह्यांचं हजेरीपत्रक लागतं, आणि मला नावांची यादी कुठेच नको होती. शेवटी बचत गटाच्या सगळ्या सभासदांनी शिवण वर्गाच्या वहीवर सही केली. त्यातली कोण कशासाठी येते, हे वहीवरून कळत नाही.

पहिला वर्ग 4 एप्रिलला, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. गुरुवारच का? आमच्याकडे बहुतेक घरांत गुरुवारी मासे नसतात, त्यामुळे दुपारचं काम लवकर आवरतं. खोली निवडताना दोन दारं बघितली. एक रस्त्याकडे, एक विहिरीच्या बाजूला. त्या दुसऱ्या दाराचा उपयोग झाला.

मी मोठ्या हौसेने कागद, ब्रश, पोस्टर कलर नेले होते. कुडाळजवळच्या पिंगुळीतली चित्रकथी दाखवली. ठाकर मंडळी चित्रं पुढे धरून गोष्ट सांगतात, तशी आपण आपली गोष्ट काढू म्हटलं. तिघीच आल्या होत्या. तिघींनी कागदाला हात लावला नाही. कागद पुढे आला की त्या शाळेतल्या मुली व्हायच्या, चुकण्याची भीती वाटणाऱ्या. चौथ्या गुरुवारी मी घरातली अर्धवट गोधडी नेली, नुसती माझ्या हाताला काम म्हणून. एक काकी जवळ सरकली, सुई मागून घेतली आणि माझे धावदोऱ्याचे टाके उसवून नीट घातले. त्या दिवसानंतर कागद कपाटात गेला. कापडावर बोट ठेवून त्या मला शिकवायच्या.

मे महिना काजू, आंबे आणि मुंबईची माणसं यांत गेला. 1 जूनपासून मासेमारी बंद. 31 जुलैपर्यंत होड्या वर ओढलेल्या, बाहेर पाऊस आणि पुरुष घरात. वर्गातली एक म्हणाली की हे दोन महिने आपण मोजून काढते. जूनमध्ये आमची संख्या नऊवर गेली.

आणि जूनमध्येच मी ती तिसरी गोष्ट मोडली. एका दुपारी सगळ्या खाली मान घालून शिवत होत्या, खिडकीतून पावसाळी उजेड येत होता, मला ते फार सुंदर वाटलं. मी फक्त हातांचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवला. चेहरा एकही नव्हता. एकीच्या नणंदेने बांगड्या ओळखल्या. 'बाजारात जाते' सांगून ती वर्गाला यायची. पुढचे चार गुरुवार ती आली नाही, आणि त्या चार आठवड्यांत तिच्या घरी काय झालं ते मला नंतर कळलं. तिने मला माफ केलं असं ती म्हणते. मी ते स्टेटस एका तासात काढलं होतं, पण तासाला काही अर्थ नव्हता. आता दाराशी एक डालगं ठेवलंय, त्यात सगळ्यांचे मोबाइल जातात, माझा सर्वांत आधी.

'ती' मे महिन्यापासून यायची. काजूच्या कारखान्यात कामाला. बोलायची नाही. 11 जुलैला सगळ्या गेल्यावर चहाची भांडी विसळायला थांबली आणि पाठमोरीच सांगू लागली. मी मधे बोलले नाही. शेवटी तिला विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "घर सोडूचा नाय माका. त्येना मारूचा बंद होऊक व्हया." मला वाटत होतं, तिने निघून जावं. पण तिने विचारलेलं ते नव्हतं. कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो, आणि मारू नये असा संरक्षण आदेशही मिळतो. तेवढं मला माहीत होतं, तेवढंच सांगितलं.

16 जुलैला संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. एसटीने सव्वा तास, बाहेर बाकावर तीन तास. सोबत दोन बिस्किटचे पुडे, पाणी आणि तिने तारखा लिहून आणलेला कॅलेंडरचा कागद होता. तारखा असतील तर फार उपयोग होतो. ज्या दिवशी मार बसला त्या दिवसावर तिने टाचणीने भोक पाडून ठेवलं होतं, पेनाची खूण कुणाला दिसली असती. त्यावरून कौटुंबिक घटना अहवाल भरला गेला, त्याला तिथे डीआयआर म्हणतात. 29 जुलैला मोफत वकिलामार्फत त्याच कायद्याच्या कलम 12 चा अर्ज दाखल झाला. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं म्हटलंय. आमची पहिली तारीख 21 ऑगस्टला पडली. अंतरिम आदेश 26 सप्टेंबरला मिळाला. मुख्य अर्ज अजून चालू आहे. हे आकडे मनाची तयारी असावी म्हणून देते आहे. आम्ही तीन दिवसांच्या हिशोबाने बॅगा भरून बसलो होतो आणि मधले आठवडे फार जड गेले.

त्या आठवड्यांत वर्गाच्या कपाटाचा असा उपयोग झाला जो मी ठरवला नव्हता. आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे कागद असं सगळं एका शिवणाच्या पिशवीत घालून तिने माझ्याकडे दिलं. वर चिंध्या. मग आणखी दोघींनी तशाच पिशव्या आणून ठेवल्या. मी काही विचारलं नाही. किल्ली दोघींकडे असते.

26 सप्टेंबर गुरुवारच होता. ती कोर्टातून थेट वर्गात आली, विहिरीकडच्या दाराने. आदेशाची प्रत मला दाखवली नाही, आधी सुई मागितली.

आमच्यात एक साठीच्या काकी आहेत, नवरा नाही, मुलाकडे राहतात. पगार काढून घेणंही हिंसेत येतं असं मी कधीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी दोरा दातांनी तोडून विचारलं, "झील हात उगारता, तां पण ह्येच्यात येता काय गे?" येतं. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. एका घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, कुणीही अर्ज करू शकते. काकींनी मान हलवली आणि पुन्हा शिवायला लागल्या. त्यांनी अर्ज केलेला नाही. पण त्यांच्या मुलाला हे कुणीतरी सांगितलंय, आणि मला वाटतं ते काकींनीच सांगितलं.

आता त्या 27 तुकड्यांबद्दल. मी 1990 सालच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, हायॅनिस गावात, हिंसा सोसलेल्या बायकांनी आपली गोष्ट शर्टांवर काढून ते 31 शर्ट गावाच्या मैदानात वलणीवर टांगले होते. 'क्लोथ्सलाइन प्रोजेक्ट' म्हणून तो पुढे खूप ठिकाणी झाला. मी वर्गात सांगितलं. वलणी म्हटल्यावर सगळ्यांना लगेच समजलं, कारण घरातलं काय धुतलं आणि काय लपवलं हे वलणीवरच दिसतं.

पण दहा मिनिटांत अडचण पुढे आली. आमच्या गावात कुणाची साडी कुठली, गाऊन कुठला, हे सगळ्यांना पाठ असतं. स्वतःचा कपडा टांगणं म्हणजे नाव टांगणंच. म्हणून सगळ्यांसाठी एकच मांजरपाट आणला, एकाच मापाचे तुकडे कापले. मग अक्षर ओळखू येईल म्हणून लिहायचं नाही ठरलं. एवढं करून एका गुरुवारी काकींनी ढिगातला तुकडा उचलला, उलटा केला आणि समोरचीला म्हणाल्या, "ह्यो टाको तुझो. माका ठावक आसा." खोली गप्प झाली. हात लपत नाही, हे मी विसरले होते.

त्यावरचा उपाय बायकांनी काढला. एकीने कल्पना सांगायची किंवा कोळशाने रेघ मारायची, दुसरीने त्यावर टाके घालायचे, तिसरीने काठ आणि रंग. तुकडा कुणाचा हे फक्त पहिलीला माहीत. यासाठी हात जास्त लागले, म्हणून अंगणवाडी सेविका आल्या, आरोग्य खात्याची आशाताई आली, एका शिंप्याची बायको आली, माझी धाकटी जाऊ आली. जिला आयुष्यात कुणी चापट मारली नाही, ती बाहेरून कडी लावलेलं दार तीन आठवडे शिवत बसली. कडीचा रंग ठरवताना तिने मला एकदा विचारलं, "बाई, आतून ही कडी दिसत नसेल, नाही?" आणि मग तिला पुढे शिवता येईना. ज्यांच्यावर बेतलं त्यांच्याइतकाच या दुसऱ्या-तिसऱ्या हातांवर त्या कामाचा परिणाम झाला, असं मला वाटतं. गावात पुढे जे थोडंफार हललं ते या हातांमुळे.

एका तुकड्यावर पगाराचं पाकीट आहे, चारी बाजूंनी शिवून बंद केलेलं. एकावर ताट आणि त्यात काहीच नाही. एक नुसताच कोरा, काठ मुडपलेला. ती म्हणाली होती, "माका काय सांगूचा नाय. पण माझा कापाड थय आसाक व्हया."

25 नोव्हेंबर हा महिलांवरील हिंसाचाराविरोधाचा दिवस, म्हणून तीच तारीख धरली होती. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, शाळेचं सभागृह मतदान केंद्रात गेलं, 20 नोव्हेंबरला मतदान. 10 डिसेंबरपर्यंतचा पंधरवडा याच विषयाचा मानतात, म्हणून 8 डिसेंबरचा रविवार घेतला. दुसरं एक सभागृह मिळालं होतं. पाच दिवस आधी निरोप आला की यात गावाची बदनामी आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी सगळं बंद करायच्या विचारात होते.

सकाळी वर्गातली एक तिच्या भावाकडे गेली. तो रापणीवर असतो. तांडेलांनी, म्हणजे रापणीच्या म्होरक्यांनी, विचारलं, आत काय आहे. तिने खरं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "टांगा. आमी बांधून देतंव."

शेडमध्ये वाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता. अकराच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुटला की कापडं वर उलटत होती. शनिवारी आम्ही एक दोरी बांधून बघितली तेव्हा जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांनी जाळ्याला खाली लावतात त्या शिशाच्या गोळ्या ओंजळभर आणून दिल्या. त्या रात्री आठ जणींनी बसून प्रत्येक काठात दोन-दोन गोळ्या शिवल्या. उघड्यावर टांगणार असाल तर वजन आधीच शिवून घ्या.

रविवारी साडेआठ ते बारा. माइक नाही, भाषण नाही, उद्घाटन नाही. बायका आल्या, पोरं आली, जाळीवाले पुरुष तर तिथेच होते. कोण कुणाचं हे ओळखायचा प्रयत्न पहिली वीस मिनिटं चालला, ओळखू येईना तेव्हा लोक कापडाकडे बघू लागले. पाकिटासमोर एक मध्यमवयीन माणूस बराच वेळ उभा होता आणि मग चपला हातात घेऊन वाळूतून निघून गेला. कोरं कापड का, असं मुलं विचारत होती. बाजूला आम्ही शिवलेले लहान बटवे ठेवले होते, आतल्या अस्तराला वेलबुट्टीत 181 विणलेला. तो बाहेर कुठेच लावला नाही. दीड तासात 40 बटवे गेले. त्यातले किती नुसते बटवे म्हणून गेले आणि किती आतल्या आकड्यासाठी, ते कळायला मार्ग नाही. पुढच्या गुरुवारी मात्र विहिरीकडच्या दाराने दोन नवीन बायका आल्या.

खर्चाचा हिशोब: मांजरपाट 42 मीटर 2,520; दोरे, सुया, कात्र्या 1,430; रंग 2,150; 34 वर्गांचा चहा-बिस्किटं 3,060; एसटी 1,680. एकूण 10,840 रुपये. ग्रामपंचायतीचे 5,000, बचत गटाचे 1,500, बाकी मी घातले. कपाट वाचनालयाने दिलं, शेडचं भाडं घेतलं नाही.

शेजारची ती सून वर्गाला कधीच आली नाही. मार्चमध्ये ती मुलाला घेऊन मुंबईला दिराकडे गेली, पुढचं मला माहीत नाही. मी तिच्या आईला दोनदा भेटून आले.

कापडं आता पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, कडुनिंबाचा पाला घालून. शेजारच्या दोन गावांतून मागणी आहे. नेणार असाल तर फोटो काढणार नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ग 2 जानेवारीला पुन्हा सुरू झाला. कोऱ्या कापडवालीने त्या दिवशी ट्रंक उघडायला लावली, आपलं कापड बघितलं, घडी नीट केली आणि परत ठेवलं.

'ती'ची पुढची तारीख 23 जानेवारीला आहे, गुरुवारीच. त्या दिवशी वर्ग चार वाजता सुरू करायचं सगळ्यांनी ठरवलं आहे, म्हणजे एसटी आल्यावर तिला बसायला मिळेल.